दहाव्या फेरीतलं नाव

एमिल कोपेत्स्कीनं सकाळी समोर बसवून अंडी खायला घातली, की त्या खेळाडूनं समजून जायचं आणि सामान बांधायला घ्यायचं. आमच्या टोलीडोच्या बास्केटबॉल संघात ही रीत त्यानंच पाडली होती. बाकीचे कोच काय करायचे? हाताखालच्या माणसाला पोराच्या खोलीवर पाठवायचे. तो दार वाजवून सांगायचा, 'जर्सी घेऊन खाली ये,' आणि बसचं तिकीट हातात ठेवायचा. एमिलला तो कसाईपणा वाटायचा. "उपाशीपोटी कुणाला वाईट बातमी देऊ नये, कॅझ," असं तो मला म्हणायचा. म्हणून सप्टेंबरच्या शिबिरात ज्याला काढायचं त्याला तो स्वतः न्याहारीला बोलवायचा, त्याचं खाऊन होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि मग सांगायचा. पुढे पुढे पोरांनी अशी धास्ती घेतली की कोचच्या टेबलाजवळून जाताना कुणी ताटलीत अंडंच घेईना. ताडमाड गडी मुकाट्यानं लापशी खायचे.

मी कॅसिमीर नोविकी. त्या संघाचा सगळा कारभार माझ्याकडे होता. कोण घ्यायचा, कुणाला किती द्यायचे, कुणाच्या बदल्यात कुणाला सोडायचा, हे ठरवणं माझं काम. आता संघ राहिला नाही. मालकानं विकला, नव्या मालकानं दक्षिणेत नेला आणि आमच्या स्टेडियमच्या जागी गाड्या उभ्या करतात. मी मात्र अजून आहे, आणि दर जूनमध्ये माझा नातू मला ड्राफ्ट बघायला टीव्हीसमोर नेऊन बसवतो.

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं संघांनी पाळीपाळीनं उचलायची, मागच्या हंगामात सगळ्यात जास्त मार खाल्लेल्यानं आधी. एवढीच गोष्ट. पण आता काय तो थाट! पोरं नवरदेवासारखी नटून बसलेली, आया रडताहेत, नाव पुकारलं की मिठ्या. नातू विचारतो, "आजोबा, तुमच्या वेळी कसं असायचं?" मी म्हणतो, "फोनवर." त्याला ते खरंच वाटत नाही.

पण होतं तसंच. सगळे संघ आपापल्या गावात आपापल्या ऑफिसात बसायचे आणि एकाच फोनवर जोडलेले असायचे. न्यूयॉर्कहून लीगचा एक माणूस संघांची नावं क्रमानं पुकारायचा. आपली पाळी आली की खेळाडूचं नाव, गार्ड की सेंटर ही त्याची खेळायची जागा आणि कॉलेज सांगायचं, झालं. ज्या पोराचं नाव घेतलं तो तेव्हा कुठंतरी गवत कापत असायचा नाहीतर पेट्रोल भरत असायचा. संध्याकाळी त्याला फोन जायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो पेपरात वाचायचा. स्वतःचं नाव पुकारलेलं कुणीच ऐकलेलं नसायचं.

दहा फेऱ्या असायच्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत खरे खेळाडू, पुढे नशिबाचा खेळ, आणि शेवटी शेवटी तर निव्वळ गंमत. कुणी आपल्या दंतवैद्याचा पोरगा घ्यायचा, कुणी उंच उडी मारणारा. कुणाची हरकत नसायची, कारण त्यातला कुणी टिकणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. पण नाव मात्र कायमचं नोंदलं जायचं. अमक्या साली अमक्या संघानं निवडलेला, असं त्याला मरेपर्यंत सांगता यायचं.

मी सांगतोय ती गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. ड्राफ्टच्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा ॲग्नेसचा फोन आला. ॲग्नेस एमिलची बायको. आम्ही तिघं एकाच गल्लीत वाढलो होतो.

"कॅझ, तोंडाला साबण असेल तर पूस आणि नीट ऐक," ती म्हणाली.

"ऐकतोय, बोल."

"आमचा रे यंदा कॉलेजातून सुटला."

"माहीत आहे मला. त्याच्या पार्टीला तुझा अक्रोडाचा रोल मी एकट्यानं संपवला."

"मस्करी नको. बावीस वर्षं दर जूनला एमिल जेवायला बसतो आणि दुसऱ्यांच्या पोरांची नावं सांगतो. हा घेतला, तो घेतला. रे एवढासा होता तेव्हापासून ऐकत आलाय. सोमवारपासून तो माझ्या भावाकडे काचेच्या कारखान्यात कामाला लागणार. त्याला खेळायला मिळणार नाही हे त्यालाही कळतं, मलाही कळतं. पण एकदा, कॅझ, फक्त एकदा त्याचं नाव त्या फोनवर जाऊ दे. दहाव्या फेरीत घे. तुझं काय जातंय?"

"एमिलला विचारलंस?"

"विचारलं. तो उठून अंगणात गेला आणि धडधाकट कुंपण दुरुस्त करायला लागला."

मी तिला हो म्हटलं. ॲग्नेसला नाही म्हणणं मला शाळेत जमलं नव्हतं, मग आता कुठून जमणार?

आमचं ऑफिस नदीच्या बाजूला होतं. भिंतीवर मोठा फळा, त्यावर पोरांच्या नावांची कार्डं टोचलेली. टेबलावर फोन, त्याला जोडलेला आवाजाचा डबा, हॅमची सँडविचेस, लोणच्याच्या काकड्या. खोलीत आम्ही तिघंच. मी, एमिल आणि आमचा शोध्या हार्ली ड्रम. हा ड्रम वर्षभर गाडी हाणत गावोगावचे सामने बघायचा आणि सामना संपला की पोराच्या घरी जेवायला जायचा. पोराशी दोन शब्द बोलून तो सरळ त्याच्या आईची मनगटं बघायचा. आई हाडापेरानं मोठी असेल तर पोरगा अजून वाढेल, असा त्याचा सिद्धांत होता. एकदा त्यापायी एका नवऱ्यानं त्याला अंगणाबाहेर काढलं होतं.

मी एमिलला खिडकीपाशी घेतलं. "दहाव्या फेरीत रेचं नाव देतो मी," म्हटलं.

"नाही द्यायचं."

"अरे, सगळे देतात."

"सगळे देऊ देत. रेला डावा हात नाही, डाव्या हातानं चेंडू सांभाळताच येत नाही. पाय जड आहेत. हा पोरगा कोपेत्स्की नसता तर त्याचं कार्ड फळ्यावर लागलं असतं का? खरं सांग."

टेबलावरून ड्रम काकडी चावत म्हणाला, "ॲग्नेसची मनगटं बघितलीत मी. पोरगा वाढायचा नाही."

"तू गप रे," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

मग एमिल आवाज खाली आणून बोलला. "कॅझ, नाव तू घेशील. ॲग्नेस रडेल, तो हसेल, आपण सगळे बिअर पिऊ. पण निवडला म्हणजे सप्टेंबरला शिबिराला बोलवावं लागणार. आणि त्याला काढायचा कुणी? मी. माझ्या पोराला समोर बसवून अंडी खायला घालू मी? ते मला जमणार नाही. एवढं एक माझ्याकडून मागू नकोस."

मला त्याची दया आली आणि रागही आला. मी आणखी सँडविच आणतो असं सांगून बाहेर पडलो आणि चिटणीस बाईच्या फोनवरून डेस मॉइनला फोन लावला. तिथल्या संघाचा कारभारी बर्ट लिंडक्विस्ट. माणूस गोड बोलायचा, पण त्याच्याशी हात मिळवला की नंतर बोटं मोजून घ्यावीत. तरी गरज माझी होती.

"बर्ट, दहाव्या फेरीत आमच्या कोचचा पोरगा घे. शिबिराला बोलव, दोन दिवसांनी काढून टाक. बाहेरच्यानं काढला तर बापाच्या जिवाला लागणार नाही."

"आणि मला काय?"

"तू माग."

"माझ्या मेव्हण्याचा पोरगा आहे. तू त्याला नवव्या फेरीत घे."

"खेळतो?"

"कॉलेजच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. पण सामन्यांना हजर असतो."

मी कबूल झालो. ॲग्नेसचं काम होणार होतं आणि एमिलची अंडी वाचणार होती. मी शीळ घालत खोलीत परतलो. सँडविच आणायला विसरलो, ते फक्त ड्रमच्या लक्षात आलं.

दुपारी ड्राफ्ट सुरू झाला. पहिल्याच फेरीत आमची जुंपली. ड्रमला कॅन्ससचा सात फुट्या हवा होता.

"आई सहा फूट दोन इंच आहे, एमिल! मनगटं ही एवढी! देवाशपथ, मी तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि माझाच हात दिसेनासा झाला."

एमिलचा प्रश्न नेहमीचा होता. "कोचनं त्याला सामन्यातून बाहेर काढला तेव्हा तो कुठं बसला?"

"कुठं म्हणजे? बाकावर."

"बाकावर कुठं?"

ड्रमनं नाइलाजानं सांगितलं, "टोकाला. डोक्यावर टॉवेल घेऊन."

"नको."

"रडत असेल रे बिचारा!"

"रडू दे. पण कुणाच्या तरी शेजारी बसून रडू दे. आणि तो तुझा दुसरा, पोर्टलंडचा?"

"तो कोचच्या शेजारी बसला. बसला कसला, भांडत होता. मला का काढलं म्हणून."

"तो घे, कॅझ."

मी घेतला. त्या दिवसांत माणूस असा पारखायचे. आता नातवाच्या टीव्हीवर पोराच्या उडीची उंची, हाताची लांबी, झोपेचे तास, सगळं येतं. बाकावर कुठं बसला ते कुणी सांगत नाही. एमिलचा अंदाज नेहमी बरोबर यायचा असं नाही, खोटं कशाला बोलू? तो पोर्टलंडचा आमच्याकडे नऊ वर्षं मान मोडून खेळला. पण टॉवेलवाला सात फुट्याही चांगलाच निघाला आणि दर हिवाळ्यात येऊन आम्हाला धुऊन गेला. तरी मला तीच खोली आठवते, तेच भांडण आठवतं, आणि तसं भांडायला मिळावं म्हणून मी आजही काहीही देईन.

दुपार कलली. फळ्यावरची कार्डं उतरत गेली. नवव्या फेरीत आमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी फोनमध्ये मुकाट्यानं लिंडक्विस्टच्या मेव्हण्याच्या पोराचं नाव सांगितलं.

"कोण?" एमिल म्हणाला.

"मी बघितलाय त्याला," मी म्हणालो.

"मी नाही बघितला," ड्रम म्हणाला. "आणि मी सगळे बघितलेत. त्याची आई कोण?"

"बघितलाय म्हटलं ना!" मी खेकसलो. एमिल नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि तो असा बघायला लागला की मला अजूनही शाळेतल्यासारखं वाटायचं.

दहावी फेरी. डेस मॉइनची पाळी आमच्या आधी होती. लीगच्या माणसानं पुकारलं, "डेस मॉइन?" डब्यातून खरखर आली. मग कुणीतरी वेगळाच माणूस, तोंडात घास असल्यासारखा, बोलला, "डेस मॉइन पास."

पास म्हणजे आम्हाला कुणी नको, तुमचं तुम्ही चालू द्या. लिंडक्विस्ट जेवायला गेला होता म्हणे, आणि जाताना हाताखालच्याला सांगायचं विसरला होता. ते मला पुढे कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की क्लॅरिनेट माझ्या गळ्यात पडलं होतं आणि रेचं नाव हवेत विरलं होतं.

"टोलीडो?" डबा म्हणाला. "टोलीडो, तुमची पाळी. एक मिनिट आहे."

मी फोन उचलला. रेचं नाव घेतलं तर एमिलला दिलेलं दुःख मोठं, नाही घेतलं तर ॲग्नेसला दिलेला शब्द खोटा. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो.

"हा क्लॅरिनेटवाला लिंडक्विस्टचा कोण लागतो?" एमिलनं शांतपणे विचारलं.

"क्लॅरिनेटवाला आहे हे तुला काय माहीत?"

"चिटणीस बाईच्या खोलीचं दार लागत नाही, कॅझ. तू फोनवर बैलासारखा ओरडतोस." तो खुर्चीत मागं रेलला. "माझा पोरगा तू डेस मॉइनच्या गळ्यात मारणार होतास. मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. दिवसभर बरं वाटत होतं. आणि आत्ता तो 'पास' म्हणाला तेव्हा..." तो थांबला.

"तेव्हा काय?"

"तेव्हा मला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं."

"टोलीडो?" डबा पुन्हा म्हणाला.

ड्रम मध्येच बोलला, आणि ह्यावेळी त्याच्या तोंडात काकडी नव्हती. "एमिल, तुझाच प्रश्न. रेला बाहेर काढतात तेव्हा तो कुठं बसतो?"

एमिलनं उत्तर दिलं. "बसत नाही. उभा राहून बाकीच्यांना पाणी देतो." हे सांगताना त्याचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी तो फुटलेला पहिल्यांदा ऐकला.

मग तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या हातातून फोन घेतला. उभं राहूनच, सगळे शब्द सुटे सुटे करत बोलला, "टोलीडोची निवड, रेमंड एमिल कोपेत्स्की. गार्ड. सेंट कॉलमन कॉलेज."

ड्राफ्टमध्ये मधलं नाव कुणी घेत नाही. त्यानं घेतलं. फोनवर दहा-बारा संघ अजून जागेवर होते. कोपेत्स्की हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं होतं. मग लीगचा माणूस म्हणाला, "नोंद झाली, कोच," आणि पुढच्या संघाला पुकारलं.

एमिलनं फोन खाली ठेवला. "झालं," तो म्हणाला. "आता काढायचंही मीच."

सप्टेंबरात रे शिबिराला आला. मामाच्या कारखान्यातून सुट्टी काढून. बापाला सगळ्यांसारखं 'कोच' म्हणायचा, सगळ्यांत आधी मैदानात यायचा, धापा टाकत पळायचा आणि डावीकडे वळायची वेळ आली की चेंडू गमवायचा. बाहेर काढला की पाण्याची बादली उचलायचा. पोर्टलंडचा भांडखोर त्याच्या हातचं पाणी पिऊन त्याचा दोस्त झाला. एमिलनं इतर पाचजणांना आधी अंडी खायला घातली. रोज सकाळी वाटायचं, आज. रोज सकाळी एमिल कॉफीचा कप घेऊन बसायचा आणि दुसऱ्याच कुणाला तरी बोलवायचा. मी बघत होतो, तो वाळत चालला होता. काढायला हवं हे कळत होतं, पण हाक मारायला तोंड उघडत नव्हतं. शिबिरात कुजबुज सुरू झाली. कोचचा पोरगा म्हणून ठेवलाय म्हणे. ज्या गोष्टीला तो आयुष्यभर घाबरला, तीच त्याच्याकडून होत होती.

आणि मग एके दिवशी न्याहारीला रे दोन ताटल्या घेऊन आला. दोन्हींत अंडी, शेजारी टोस्ट. लापशी खाणारे सगळे चमचे थांबले. तो सरळ कोचच्या टेबलापाशी गेला, एक ताटली बापापुढे ठेवली, एक स्वतःपुढे ठेवली आणि समोर बसला. कुणीही न बोलावता.

"आज हवा बरी आहे, कोच," तो म्हणाला.

एमिलनं कॉफीचा कप खाली ठेवला. मी शेजारच्याच टेबलावर होतो.

"बरी आहे," एमिल म्हणाला. "दुपारनंतर पाऊस लागेल."

"लागेल बहुतेक."

"रे, मी तुला..."

"माहीत आहे मला. डावा हात नाही, पाय जड आहेत. दारं काय आपल्याही घरची लागत नाहीत, बाबा." तिथं पहिल्यांदा तो बाबा म्हणाला. "सोमवारी मी मामाकडे परत रुजू होतो. तुम्हाला हाक मारावी लागू नये म्हणून मीच आलो. फक्त एक विचारायचं होतं."

"विचार."

"आई म्हणते माझं नाव कॅझकाकांनी नाही, तुम्ही घेतलंत. खरं?"

"खरं."

"कसं घेतलंत? मी तेव्हा मिसेस बोयरच्या अंगणातलं गवत कापत होतो. मला ऐकायला मिळालं नाही."

एमिलनं हातरुमालानं तोंड पुसलं. मग तो खुर्ची सरकवून उभा राहिला, त्या भोजनगृहात, सगळ्या पोरांसमोर, आणि फोनवर बोलला होता त्याच आवाजात बोलला, "टोलीडोची निवड, रेमंड एमिल कोपेत्स्की. गार्ड. सेंट कॉलमन कॉलेज."

कुणी हसलं नाही. पोर्टलंडचा पोरगा उठून उभा राहिला, मग आणखी दोघं-तिघं, आणि मीही. रेची मान खाली होती. त्याचे कान लाल झाले होते.

"बस?" त्यानं विचारलं.

"बस. एवढंच म्हणतात."

"छान वाटतं ऐकायला," रे म्हणाला. त्यानं खुर्ची पुढं ओढली, काटा उचलला आणि ताटलीतलं सगळं संपवलं. एमिलची अंडी मात्र तशीच राहिली.